दोन माणसांची काठी

बापू,

तुझी हलकी काठी परवा वहिनींनी माझ्याकडे पाठवून दिली. अलिबागच्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर, तांदळाच्या पोत्यांशेजारी, तुझ्या जुन्या धोतरात गुंडाळून आणि दोन ठिकाणी सुतळीनं बांधून. चौलच्या नाक्यावर उतरवून देताना ड्रायव्हर म्हणाला, "नाना, ह्ये काय हाय? बासरी का बंदूक?" मी म्हटलं, "वकिलांची काठी." त्यानं ती दोन्ही हातांनी धरून खाली दिली. तू गेलास हे आता रेवदंड्यापर्यंतच्या सगळ्या मोटारवाल्यांना ठाऊक आहे. त्यांच्यातल्या निम्म्यांची भांडणं तूच मिटवली होतीस.

तेराव्याला तुझ्याकडे आलो होतो तेव्हाच वहिनी म्हणाल्या होत्या, "मोठी काठी मी ठेवून घेणार. ती ह्यांनी एकट्यानं धरलेली आहे. लहान तुम्ही न्या, नानाभावजी. तिला तुमचाही हात लागलाय." 'बघू' म्हणून मी चपला घातल्या आणि निघालो. त्यांनी बघितलं नाही, सरळ पाठवून दिली. तुझ्यासारख्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढल्यावर 'बघू' या शब्दाची किंमत त्यांना बरोबर कळलेली आहे.

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. भेटेल तो तुझ्याविषयी बोलतो. उलटतपासणी घ्यावी तर तू, चळवळीत तुरुंगात गेलेल्यांच्या घरी शिधा पोचवावा तर तू. बोलोत. खोटं कोणीच बोलत नाही. पण मला तुझ्याशी त्यातलं काही बोलायचं नाही. आपला एक वाद अर्धा राहिलाय, तेवढाच पुरा करायचा आहे. तो जिताडा मासा कोणाचा? तुझा की माझा? तू म्हणायचास माझा, मी म्हणायचो तुझा. निकाल न लावताच तू उठून गेलास. वकिलाला हे शोभत नाही.

आधी मोठ्या काठीचं. कारण तिच्यावाचून हलकीचं प्रकरण कोणाला कळायचं नाही.

कचेरीतला तो उंच साहेब विलायतेला परत चालला होता आणि त्याच्या बंगल्याच्या पडवीत सामानाचा लिलाव होता. खुर्च्या, आंघोळीचा टब, बाईसाहेबांच्या टोप्या. त्यात तीन तुकड्यांची एक काठी निघाली. काळपट लाकूड, पितळी सांधे, बुडाशी एक पितळी चाक. जोडली तर अडीच पुरुष लांब. लिलाव पुकारणाऱ्याला ती कशाची ते सांगता येईना, म्हणून त्यानं ती आंबे काढायच्या झेल्याची दांडी म्हणून पुकारली. मी लगेच बोली लावली. माझ्या वाडीतल्या पायरीच्या शेंड्याला कुठलाच झेला पोचत नव्हता. आणि मागून तुझा आवाज आला. मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. तुझ्या घरी आंब्याचं झाड नाही. मी चढवली, तू चढवलीस, लोक हसायला लागले, शेवटी मीच रागानं सोडून दिली.

बाहेर आल्यावर तू सांगितलंस की ही माशांची काठी आहे. साहेबाच्या मुलखात नदीत सामन नावाचा मासा असतो, त्याला ते कोंबड्याच्या पिसाची खोटी माशी दाखवून फसवतात. आपल्या रावसाला हे लोक त्या सामनचा चुलतभाऊ समजतात, म्हणून या साहेबानं ती एवढ्या लांब आणली. किल्ल्याजवळच्या खडकांवर तो दोन पावसाळे उभा राहिला आणि त्याला एक शिंगाळा मिळाला. मी म्हटलं, "बापू, कोळीण रोज तुझ्या दारात टोपली उतरवते. तुला काठी कशाला?" तू चष्मा कपाळावर सरकवलास आणि म्हणालास, "हरकत आहे. कोळणीचा मासा मी विकत घेतो. हा मी धरणार."

चष्मा कपाळावर आणि 'हरकत आहे'. कोर्टात, घरी, लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढताना. तू गेल्यापासून मला ते शब्द कुठूनच ऐकू आलेले नाहीत.

ती काठी म्हणजे मुसळच. दोन्ही हातांनी धरायची, उजवा वर, डावा बुडाशी, आणि अख्खं अंग मागे नेऊन दोरी डोक्यावरून पाण्यावर टाकायची. तू अलिबागच्या पुळणीवर सकाळी सराव करायचास तेव्हा बायका मुलांना जवळ ओढून घ्यायच्या. वकिलांना कोणी तरी करणी केली आहे अशी एक आवई महिनाभर होती. पिसांसाठी तू शेजारचा पांढरा कोंबडा पुरा विद्रूप केलास. गळाला चमक हवी म्हणून वहिनींच्या शालूच्या पदरातली जर उसवलीस, आणि ते त्यांना ऐन दिवाळीत, हळदीकुंकवाला जाताना कळलं. त्या दिवशी तू माझ्याकडे चौलला जेवायला आलास. न बोलावता.

मग तुला आमच्या खाडीवरची उघाडी सापडली. खाऱ्या जमिनीच्या बांधाला लाकडी फळ्यांचं दार असतं, ओहोटीला ते उघडलं की शेतातलं पाणी खाडीत धावतं आणि पाण्याबरोबर कोळंबी, बारकी मासळी वाहून येते. ती खायला बाहेर जिताडा येऊन थांबतो. पलीकडच्या अंगाला जुन्या बांधाचा एक धोंडा पाण्यात पडलेला आहे. त्याच्या मागे पाणी उलटं फिरतं. मोठा जिताडा तिथेच, सावकारासारखा. हातानं गळ टाकणाऱ्याची दोरी तिथे पोचत नाही, आणि पोचली तर धार तिला ओढून नेते. तुझी मुसळकाठी तिथे पोचायची.

उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे भरती दुपारी भरते आणि दिवस मावळेपर्यंत ओहोटी चालते. हे तुला कळल्यापासून तुझी वकिली तिथीवर चालायला लागली. अष्टमीच्या भांगाला, पाणी मंद असताना, तू कोर्टात उभा. पौर्णिमा आणि अवसेला तुझे अशील पुढची तारीख घेऊन घरी जायचे. ते बिचारे शेतकरीच, भरती-ओहोटी त्यांनाही कळायची. कोणी तक्रार केली नाही.

मी तुझ्याबरोबर बांधावर यायचो ते मासे धरायला नव्हे. पानाचा डबा आणि दोन दिवसांचं वर्तमानपत्र घेऊन बसायचो आणि तुझी टर उडवायचो. उघाडीचा राखणदार पोशा म्हात्रे फळ्या उचलायचा आणि माझ्याशेजारी विडी ओढत बसायचा. त्यानंच तुला खाडीचा कायदा सांगितला. हे आधी इथे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पोशा आणि त्याचा भाऊ दोन गळ टाकून बसले होते. भाऊ तंबाखू मळायला लागला आणि त्यानं आपली दोरी क्षणभर पोशाच्या हातात दिली. तेवढ्यात मासा लागला. मासा कोणाचा? "माजा," पोशा म्हणाला. "दोरी ज्याच्या हातान, मासा त्याचा. आन डोकाबी त्याच्याच पानान. बापाला इचारा, आज्याला इचारा." जिताड्याच्या डोक्याची चव आपल्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. तू खूश झालास. म्हणालास, "नाना, एवढा स्वच्छ कायदा सरकारला करता येत नाही."

मोठ्या काठीनं तू जिताडे धरलेस. एकट्यानं, दोन्ही हातांनी. डोकं तुझ्या पानात पडायचं आणि त्यातला एक डोळाही तू मला द्यायचा नाहीस. मला त्याचं काही नव्हतं. कायदा कायदा.

मग तुझा डावा हात गेला. सकाळी दाढी करताना हातातला आरसा पडला आणि आरशामागोमाग तू. तोंड आठवडाभरात सरळ झालं, पाय ओढत का होईना चालायला लागला. हात आला नाही. वैद्यांनी तेल दिलं, वहिनींनी सकाळ-संध्याकाळ चोळलं. तू दर वेळी म्हणायचास, "आज बोट हललं." वहिनी म्हणायच्या, "हो, हललं." मी कधी हललेलं पाहिलं नाही.

कोर्टात तुझं काही अडलं नाही. डावा हात कोटाच्या खिशात, पानं कारकून उलटायचा, आणि आवाज पूर्वीपेक्षा जास्त खणखणीत. पण उघाडीवर आलास की पोशाकडून मोठी काठी जोडून घ्यायचास, मांडीवर आडवी ठेवायचास आणि ओहोटी संपेपर्यंत पाण्याकडे बघायचास. धोंड्यामागे जिताडा उसळायचा. तू बघायचास. मी वर्तमानपत्र वाचायचो. माझ्याच्यानं तुझी टर उडवणं होईना, आणि त्याचा मला तुझाच राग यायचा.

पुढे सुपारी घेऊन मुंबईला गेलो तेव्हा फोर्टातल्या एका दुकानाच्या काचेत मला ती दिसली. बांबूच्या सहा बारीक चिरफाळ्या एकमेकींना चिकटवून केलेली, मधाच्या रंगाची, दीड पुरुषसुद्धा नाही. दुकानदार पारशी होता. त्यानं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "एक हाथनी छे, शेठ." मला वाटलं, रिकामा हातच धरलाय. मी दुसरं काही विचारलं नाही. रेवसच्या बोटीत सगळे विचारत होते, ही काय, तुतारी का? मी हो म्हटलं.

तुझ्या पडवीत मी ती जोडून दाखवली. तू हात लावला नाहीस.

"हे काय आणलंस?"

"काठी."

"काठी आहे माझ्याकडे."

"ही हलकी आहे. एका हाताची."

"हात येतोय माझा. वैद्य म्हणालेत, माघापर्यंत येईल."

मी म्हटलं, "मग माघापर्यंत ही वापर."

तू म्हणालास, "मी विलायती माल वापरत नाही." अंगात खादीचा सदरा होता खरा. मी म्हटलं, "आणि मोठी काय तुझ्या परसात उगवली?" तू चष्मा कपाळावर सरकवलास. "हरकत आहे. ती लिलावातली. लिलावातल्या मालाला देश नसतो." मग दोघंही हसलो, पण काठी गेली दारामागच्या कोपऱ्यात, छत्रीशेजारी. पुढे तू तिला माझी छत्रीच म्हणायला लागलास. आल्यागेल्याला सांगायचास, "ती नानाची छत्री. मुंबईहून आणलीय, पण उघडत नाही."

मला कळत होतं. हलकी काठी हातात घेणं म्हणजे डाव्या हाताचं सुतक धरणं, असं तुझ्या मनानं घेतलं होतं. मोठी काठी मांडीवर होती तोवर हात नुसता आजारी होता.

माघ गेला. होळी गेली. पाऊस येऊन गेला. भाद्रपदातल्या पहिल्या उधाणाला तू उघाडीवर मांडीवरची काठी उचललीस, बूड कमरेच्या पंच्यात खोचलंस आणि एकट्या उजव्या हातानं ती मागे नेलीस. मी बघत होतो. काठी मागे गेली ती गेलीच. तिचं वजन तुला घेऊन फिरलं, शेंडा पाण्यात आपटला आणि तू चिखलात दोन्ही गुडघ्यांवर बसलास. पोशा उठला. मी त्याचं धोतर धरून त्याला खाली बसवलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. कुठल्याशा बाजारातला गुळाचा भाव होता. तो मी चार वेळा वाचला. तुला उठायला फार वेळ लागला. उठलास, गुडघे पुसलेस, काठी बांधाला टेकवलीस आणि माझ्या शेजारी येऊन बसलास. डब्यातलं पान घेतलंस. पान संपत आल्यावर म्हणालास, "उद्या येताना छत्री घेऊन येतो."

त्या दिवसाबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. आता बोलतो. बापू, तुझ्यासारखा धीराचा माणूस मी पाहिला नाही. आणि हे वाक्य तू जिवंत असताना मी बोललो असतो तर तू मला खाडीत ढकललं असतंस.

हलक्या काठीचं एक गौडबंगाल पारशानं मला सांगितलं नव्हतं. काठी एका हाताची खरी, पण दोरी कोणी धरायची? उजवा हात काठी फेकतो तेव्हा डाव्यानं दोरी धरून ठेवायची, बरोबर वेळेला सोडायची, आणि पीस पाण्यात पडलं की हळूहळू ओढत आणायची. तू पहिल्या दिवशी दोरी दातात धरलीस. दातांतून सुटताना तिनं तुझा ओठ कापला. रक्त पुसून तू पुन्हा धरलीस, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तू दोरी हातात घेतलीस, तिच्याकडे पाहिलंस, आणि माझ्याकडे न बघता माझ्यापुढे केलीस.

"धर."

मी वर्तमानपत्र ठेवलं आणि तुझ्या डाव्या बाजूला उभा राहिलो.

पोशा म्हणाला, "आली बैलजोरी!" तू त्याला एक शिवी दिलीस, माझ्या शिव्यांच्या मानानं बरीच सौम्य. दोन हातांची काठी सोडून तू दोन माणसांची घेतलीस, असं मी घरी सांगितलं तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "मग बरंच झालं की." तिला ते बरं वाटलं. तुला वाटत नव्हतं.

आपल्याला जमायला बरेच महिने लागले. मी लवकर सोडली की दोरी तुझ्या टोपीवर. उशिरा सोडली की पीस पायाशी. तू तोंडानं सांगून पाहिलंस, पण शब्द कानापर्यंत येईतो वेळ गेलेली असायची. मग मी तुझं बोलणं ऐकणं सोडून दिलं आणि तुझ्या उजव्या खांद्याकडे बघायला लागलो. काठी पुढे यायच्या आधी तुझा खांदा किंचित खाली बसायचा, दाराची कडी पडल्यासारखा. तो बसला की सोडायची. त्यानंतर चुकलं नाही. कोर्टातली कटकट, वहिनींची कंबर, माझ्या वाडीतला गडी, सगळं बोलून व्हायचं, आणि मधूनमधून खांदा बसायचा आणि माझी बोटं सुटायची. मला ते आवडायला लागलं होतं. पौर्णिमा-अवसेची मी वाट बघायचो. हे मी तुला कधी कळू दिलं नाही. दर वेळी येताना कुरकुर करायचो, ती शेवटपर्यंत केली.

आणि मग पुढच्या वर्षीची ती कार्तिकातली ओहोटी. दिवस कलला होता, पाण्याला चांगली धार होती. तुझा खांदा बसला, मी सोडली, आणि पीस धोंड्याच्या मागे, उलट्या पाण्यात, तळहातावर ठेवावं तसं पडलं. मी एक वीत दोरी ओढली. मग दोरीनंच मला ओढलं. पुढचं तुला ठाऊक आहे. तू काठी आभाळात धरून उभा, मी दोरी देतोय, घेतोय, बोटं सोलवटतायत, पोशा गुडघाभर चिखलात उतरून नुसता ओरडतोय. जिताडा वर आला तेव्हा पोशाच्या हाताएवढा होता, खांद्यापासून बोटांपर्यंत. सोनेरी डोळा.

तू काठी खाली ठेवलीस. मला वाटलं, आता ओरडशील. तू म्हणालास, "छान मासा धरलास, नाना."

"मी? तू धरलास."

"दोरी कोणाच्या हातात होती?"

"दोरीला काय जातंय? मी खुंटी होतो."

चष्मा कपाळावर. "हरकत आहे. खुंटी वेळ बघत नाही. तू दोरी वेळेवर सोडली नसतीस तर पीस माझ्या पायाशी असतं. पोशा, कायदा काय?"

पोशा मासा पोटाशी धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं. "कायदा त्योच हाय, सायेब. दोरी नानांच्या हातान व्हती."

"पोशा, तुला कोणी विचारलं?" मी म्हटलं.

"ह्या सायबांनीच इचारलं न्हाय का आता?"

मी चिडून मासा तू परत जायच्या सर्व्हिस मोटारीत टाकायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं डोकं परत आलं, मडक्यात, वर केळीचं पान बांधून. ड्रायव्हर म्हणाला, "वकीलसाहेबांनी सांगितलंय, नानांचा हक्क." दुपारच्या मोटारीनं मी ते परत पाठवलं. संध्याकाळी ते पुन्हा चौलच्या नाक्यावर उभं. तोवर मडक्याजवळ कोणी बसायला तयार नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी ते स्वतः घेऊन अलिबागला आलो, टपावर बसून. आपण दोघं पडवीत कायदा काढतोय तेवढ्यात वहिनींनी नाकाला पदर लावून मडकं उचललं, परसातल्या लहान माडाच्या बुडाशी खड्डा करून त्यात उलटं केलं आणि आत येऊन म्हणाल्या, "तुम्हा दोघांत मिळून एक डोकं होतं, तेही नासवलंत."

यावर तू हरकत घेतली नाहीस.

त्यानंतर हा वाद कुठे कुठे झाला! माझ्या मुलीच्या लग्नात तू व्याह्यांसमोर माझी साक्ष काढलीस. व्याही अजून मला मोठा मासे धरणारा समजतात. लोकांना वाटायचं, दोन मित्र गमतीनं भांडतायत. मलाही बराच काळ तसंच वाटलं. गेल्या वर्षी एकदा बांधावरून परत येताना तू थांबलास, पाय ओढून दमला होतास, आणि म्हणालास, "नाना, दुसऱ्याच्या हातानं धरलेला मासा माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून तो तुझा म्हणतो. तुझा म्हटला की मी पाहुणा होतो. पाहुण्याला लाज नाही."

मला इतका राग आला की मी म्हटलं, "मग उपाशी राहा." तू मोठ्यानं हसलास आणि विषय संपला. खरं उत्तर मला घरी पाय धुताना सुचलं. तुला विचारायचं होतं की मग मी ज्या बागेचे नारळ खातो त्या बागेचा खटला कोणी लढवला? माझ्या भाऊबंदांनी वाडी गिळायला काढली होती तेव्हा मला कोर्टाची पायरीही माहीत नव्हती. तुझ्या तोंडानं मी बोललो. ती वाडी मग तुझी का? तू एकदा तरी म्हणालास का, की नाना, वाडी माझी? त्या वाडीत मी घरधनी म्हणूनच राहतो, पाहुणा म्हणून नाही. हे पुढच्या उधाणाला सांगू म्हटलं. मग माझ्याकडे सुपारी सोलायला गडी आले, मग तुझा खटला लांबला, मग राहिलंच. कोर्टातून येऊन तू पाणी मागितलंस आणि वहिनी तांब्या घेऊन येईपर्यंत तू नव्हतास.

म्हणून ही काठी आल्यावर मी ठरवलं, आपण पुरावाच घेऊ. बोलून तुझ्याशी कोण जिंकलंय?

काल अवस होती. दुपारी भरती भरून उतरायला लागल्यावर मी उघाडीवर गेलो. पोशानं काठी पाहिली आणि काही न विचारता फळ्या उचलल्या. मी सांधे जोडले, तुझंच एक पीस बांधलं, वहिनींची जर असलेलं. माझे दोन्ही हात धड आहेत. एका माणसाला पुरेत.

पहिल्यांदा टाकली ती पायाशी गोळा होऊन पडली. दुसऱ्यांदा पाठीमागच्या झुडपात. मग मी बसून पान खाल्लं आणि पुन्हा उठलो. ओहोटी अर्ध्यावर येईपर्यंत टाकत होतो. धोंड्यामागे जिताडा दोनदा उसळला, मला त्याची पाठ दिसली. माझं पीस त्याच्या निम्म्या वाटेवरही गेलं नाही. आणि मग माझ्या एक लक्षात आलं. दर वेळी काठी पुढे आणताना मी मान वळवून माझ्या उजवीकडे बघत होतो. माझा डावा हात दोरी घट्ट धरून खांदा बसायची वाट बघत होता. तिथे झुडपं होती आणि पलीकडे खाडी.

पोशा मागून म्हणाला, "नाना, दोरी तुमची झ्याक हाय. पन फेकनारा पायजे."

मी बांधावर बसलो आणि रडलो. पोशानं विडी पेटवली आणि तो पाण्याकडे बघत बसला. त्यालाही वर्तमानपत्र वाचता येत असतं तर त्यानं ते धरलं असतं.

वहिनींच्या पानात आता मासा येणार नाही. त्यांनी तेराव्यापासूनच सोडला, कोणी सांगितलं नाही, त्यांनीच सोडला. परसातला तो माड या वर्षी पहिल्यांदा धरलाय, हे मात्र त्यांनी मला सांगितलं, आणि नेऊन दाखवलाही.

तेव्हा निकाल ऐक. दोरी धरायला मी होतो, मी नसतो तर कोणी दुसरा शिकला असता, पोशाही शिकला असता. त्या धोंड्यामागे पीस नेऊन ठेवणारा हात सबंध खाडीवर एकच होता, आणि तो तुझा उजवा. डावा गेला तेव्हा तो गेला नव्हता. पाहुणा मी होतो, बापू. तुझ्या डाव्या बाजूला मला जागा मिळाली, आणि इतकी वर्षं मी तिथे सुखानं उभा राहिलो. मासा तुझा. डोकंही तुझं.

हे मी काल बांधावर मोठ्यानं म्हटलं, पोशाच्या देखत. आणि मग थांबलो. आता तू चष्मा कपाळावर सरकवायला हवा होतास. पाणी पुरतं उतरेपर्यंत मी थांबलो. मग पोशानं फळ्या टाकल्या.